मॉर्गेज : जिवंत गहाण, मेलेलं गहाण आणि बेळगाव भागात तो कागद कसा वाचायचा

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी, अथणी या पट्ट्यात एकच जमीन तीन भाषांत गहाण पडते. घरात आपण 'गहाण' म्हणतो, उपनोंदणी कचेरीतल्या कन्नड कागदावर 'अडमान' किंवा 'भोग्य' असं येतं आणि बँकेच्या फॉर्मवर 'मॉर्गेज' छापलेलं असतं. तिन्हींचा अर्थ एकच आहे असं धरून लोक सही करतात, आणि बहुतेक नुकसान तिथेच होतं. गहाणाच्या प्रत्येक कागदाला आधी एकच प्रश्न विचारायचा असतो: जमिनीतून जे पिकेल, घरातून जे भाडं येईल, त्यानं कर्ज कमी होणार की नाही? 'मॉर्गेज' हा शब्द जन्माला आला तोच मुळी या प्रश्नातून. म्हणून आधी शब्द समजून घेऊ, मग कागद.

शब्द कुठून आला

उच्चार 'मॉर्गेज'. मधला 'टी' लिहायचा, पण बोलायचा नाही. जुन्या फ्रेंचमधले दोन शब्द यात जोडलेले आहेत: 'मॉर्त' म्हणजे मेलेला आणि 'गाज' म्हणजे तारण. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथली कोर्टकचेरी कितीतरी काळ फ्रेंच आणि लॅटिनमध्ये चालली. त्यातून हा शब्द इंग्रजीत उतरला.

मेलेलं तारण म्हणजे काय, याचं सर्वांत जुनं उत्तर ११८० च्या दशकातल्या एका इंग्लिश कायदेग्रंथात मिळतं. दुसऱ्या हेन्री राजाचा मुख्य न्यायाधिकारी ग्लॅनव्हिल याच्या नावानं तो ओळखला जातो. त्यात तारणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. सावकारानं जमीन ताब्यात घेतली आणि तिचं उत्पन्न कर्जातून वजा होत गेलं, तर ते जिवंत तारण. उत्पन्न सावकार खातो आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते, तर ते मेलेलं तारण. दुसरा प्रकार राजाच्या कोर्टानं बंद केला नव्हता, पण त्याला व्याजखोरी मानलं जाई. असं तारण हातात असताना सावकार मेला, तर त्याच्या मालमत्तेची विल्हेवाट व्याजखोराच्या मालमत्तेसारखी लावली जाई.

पुढे शब्द तोच राहिला आणि स्पष्टीकरण बदललं. पंधराव्या शतकात लिटलटन या न्यायाधीशानं आणि १६२८ साली त्याच्यावर भाष्य लिहिणाऱ्या एडवर्ड कोकनं वेगळा अर्थ दिला: ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत तर जमीन कर्जदारापुरती मेली, आणि दिले तर तारण सावकारापुरतं मेलं. आज इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी हाच अर्थ दिलेला सापडतो. तो चुकीचा नाही, पण नंतरचा आहे, आणि शेतकऱ्याच्या कामाचा आहे तो ग्लॅनव्हिलचा पहिला अर्थ.

बँकेत कानावर पडणारा 'अमॉर्टायझेशन' हा शब्दही याच 'मॉर्त'च्या कुळातला. कर्जाला हप्त्याहप्त्यानं मारत नेणं, असा त्याचा अर्थ. गृहकर्जाचा ईएमआयचा तक्ता मागताना 'अमॉर्टायझेशन शेड्यूल द्या' असं म्हटलं की प्रत्येक हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती हे महिन्यागणिक छापून मिळतं. तो मागून घ्यावाच.

आपल्याकडे ही विभागणी इंग्लंडच्याही आधी झालेली होती. धर्मशास्त्रात तारणाला 'आधि' म्हणतात, आणि त्याचे गोप्य व भोग्य असे दोन प्रकार आहेत. गोप्य म्हणजे नुसतं सांभाळून ठेवायचं, भोग्य म्हणजे सावकारानं उपभोगायचं. याज्ञवल्क्य स्मृतीत स्पष्ट नियम आहे: कर्ज दुप्पट होऊनही सोडवला नाही तर आधि बुडतो, मुदतीचा आधि मुदत संपली की बुडतो, पण ज्याचं फळ सावकार खातो तो आधि कधीच बुडत नाही. कन्नड कागदावरचा 'भोग्य' हा तोच शब्द आहे. ही जुनी ओळ आजच्या कायद्याशी किती जुळते ते पुढे येईलच.

प्रकार ओळखायचा कसा

गहाणाचा मूळ कायदा सगळ्या भारतात एकच, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ५८ मध्ये सहा प्रकार आहेत. बेळगाव भागात प्रत्यक्षात चारच भेटतात.

नजरगहाण. जमीन तुमच्याच ताब्यात राहते, सावकाराला किंवा बँकेला फक्त हक्क मिळतो. पैसे बुडाले तर सावकाराला दावा लावून, कोर्टामार्फत विक्री करून वसुली करावी लागते. कागदावर 'ताबा दिलेला नाही' असं वाक्य हवं.

ताबेगहाण, म्हणजेच भोग्य. ताबा सावकाराकडे जातो. इथे कलम ५८ (ड) तीन वाटा देतं: उत्पन्न व्याजाच्या बदल्यात घ्यायचं, किंवा कर्जाच्या फेडीत धरायचं, किंवा थोडं यात थोडं त्यात. यातली कुठली वाट तुमच्या कागदात लिहिली आहे, हे शोधणं म्हणजेच गहाण जिवंत की मेलेलं हे शोधणं.

मुदत खरेदी. वरवर खरेदीखत, पण 'अमुक मुदतीत पैसे परत केले तर खरेदी रद्द' अशी अट असलेलं. याबद्दल पुढे सविस्तर.

कागद ठेवून कर्ज. मूळ खरेदीखत बँकेत जमा करायचं, एवढ्यावर गहाण होतं. बँकवाले याला इक्विटेबल मॉर्गेज म्हणतात. हे सरकारनं अधिसूचित केलेल्या शहरांतच करता येतं. मात्र कागद जमा करण्याची जागा त्या शहरात असली की पुरे, जमीन खेड्यातली असली तरी चालते.

पीकेपीएस (गावची प्राथमिक कृषी पतसंस्था) किंवा बँकेकडून घेतलेल्या पीककर्जाची गोष्ट थोडी वेगळी. कर्नाटकात शेतकरी एक घोषणापत्र देतो आणि त्यावरून जमिनीवर बोजा चढतो. त्यासाठी उपनोंदणी कचेरीत वेगळं गहाणखत होतंच असं नाही. म्हणून "मी जमीन कुठे गहाण टाकलीच नाही" असं मनापासून म्हणणाऱ्या माणसाच्या उताऱ्यावरही बोजा निघू शकतो.

ताबेगहाण: आकडा मांडून पाहा

समजा तीन लाख रुपये घेतले आणि त्यासाठी उसाची जमीन सावकाराच्या ताब्यात दिली. खर्च वजा जाता जमिनीतून वर्षाला ६०,००० रुपये सुटतात. व्याज ठरलं दर साल दर शेकडा १२.

कागदात 'उत्पन्नातून आधी व्याज, मग मुद्दल वजा करावी' असं लिहिलं असेल, तर पहिल्या वर्षी व्याज ३६,००० आणि उरलेले २४,००० मुद्दलात. मुद्दल राहिली २,७६,०००. दुसऱ्या वर्षी व्याज ३३,१२०, मुद्दलात २६,८८०, बाकी २,४९,१२०. असं करत आठव्या वर्षाअखेर साधारण ४,८०० रुपये उरतात आणि नवव्या वर्षाच्या पहिल्याच पैशात कर्ज मिटतं. खिशातून एक रुपया न घालता जमीन परत.

आता त्याच कागदात 'उत्पन्न व्याजाच्या ऐवजी घ्यावे' एवढंच बदला. आठ वर्षांत सावकारानं ४,८०,००० रुपये नेले आणि मुद्दल तीन लाखच राहिली. व्याजाचा खरा दर पडला वर्षाला २० टक्के, आणि तो कागदावर कुठेच दिसत नाही. बाँड रायटरच्या एका वाक्यानं एवढा फरक पडतो. म्हणून त्या वाक्यावर बोट ठेवून ते मोठ्यानं वाचून घ्या.

कागद याबाबत गप्प असेल तर? कायदा कर्जदाराच्या बाजूनं आहे. कलम ७६ प्रमाणे ताबा घेतलेल्या सावकारानं शहाण्या मालकासारखी जमीन सांभाळायची, सरकारी सारा भरायचा, जमाखर्चाचा स्पष्ट आणि पूर्ण हिशेब ठेवायचा, आणि खर्च वजा जाता उरेल ते आधी व्याजात, मग मुद्दलात जिरवायचं. पण लगेच पुढचं कलम ७७ सांगतं की उत्पन्न व्याजाऐवजी घेण्याचा करार असेल तर हिशेबाची ही सक्ती राहत नाही. सावकाराचा माणूस 'व्याजाच्या ऐवजी' हे शब्द इतक्या आग्रहानं का घालून घेतो, ते इथे कळतं.

ताबेगहाणाच्या कागदात या गोष्टी नावानिशी लिहून घ्या:

- सर्वे नंबर, हिस्सा नंबर आणि क्षेत्र एकर-गुंठे-आण्यांत. ४० गुंठ्यांचा एकर, १६ आण्यांचा गुंठा. उताऱ्यावर जे क्षेत्र तेच कागदावर हवं, खराबा वेगळा दाखवून.
- चतुःसीमा. शेजाऱ्याचं नाव बदललं असेल तर आजचं नाव.
- विहीर, बोअर, मोटार, पाइपलाइन, झाडं. मोटार जळली तर दुरुस्ती कोणाची, आणि तो खर्च कर्जात चढणार का.
- सोडवणुकीच्या वेळी उभा ऊस कोणाचा, खोडवा कोणाचा. 'पाडव्याला परत' एवढं पुरत नाही. इंग्रजी तारीख लिहा आणि तोड झाल्यावर किती दिवसांत ताबा द्यायचा तेही लिहा.
- कारखान्यातली उसाची नोंद कोणाच्या नावावर राहणार. ती सावकाराच्या नावावर गेली की बिल त्याच्या खात्यात जातं. उत्पन्न कर्जातून वजा व्हायचं असेल तर दर हंगामाच्या बिलाची नक्कल तुम्हाला मिळेल, अशी ओळ घाला. हिशेबाच्या भांडणात याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

शहरातल्या घरांतही हाच प्रकार चालतो. एकरकमी पाच-सहा लाख घ्यायचे, तीन वर्षं बिनभाड्यानं राहू द्यायचं, शेवटी रक्कम परत. लोक त्याला 'लीज' म्हणतात, कन्नड कागदावर 'भोग्य' लिहिलेलं असतं. इथे पैसे देणारा भाडेकरू हाच सावकार असतो, हे त्याच्या लक्षात येत नाही. कागद नोंदवलेला नसेल तर त्याचा गहाण म्हणून आधार मिळत नाही. आणि त्याच घरावर बँकेचं आधीचं गहाण असेल तर पहिला हक्क बँकेचा. मालकाचे हप्ते थकले की घर बँक घेते आणि तुमचे लाख रुपये मालकाच्या मागे फिरत राहतात. पैसे देण्याआधी त्या घराचं ऋणभार प्रमाणपत्र (मिळकतीवरच्या नोंदवलेल्या व्यवहारांचा दाखला) काढा.

मुदत खरेदी: सगळ्यांत धोक्याचा कागद

सावकार म्हणतो, "गहाणखत कशाला, खरेदीच करून द्या. पैसे दिलेत की परत फिरवून देतो." इथे एक नियम पाठ हवा. कलम ५८ (क) ला १९२९ साली जोडलेली अट सांगते की परतफेडीची अट त्याच खरेदीच्या कागदात लिहिलेली असेल, तरच त्या व्यवहाराला गहाण मानता येतं. खरेदीखत एक आणि 'फेरखरेदीचा करार' दुसऱ्या बाँडवर, असं केलं की कायद्याच्या नजरेत ती खरेदीच ठरते. मग दुसऱ्या कागदातली तारीख चुकली की जमीन गेली. आणि तो दुसरा कागद नोंदवलेला नसेल, किंवा नुसता तोंडी शब्द असेल, तर हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

अट एकाच कागदात असली तरी कोर्ट इतर खुणा पाहतं: किंमत बाजारभावापेक्षा फारच कमी आहे का, ताबा कोणाकडे राहिला, सारा कोण भरत होतं, व्याजाचा उल्लेख आहे का, 'कर्ज', 'तारण' असे शब्द आहेत का. म्हणून अशा कागदावर सही करणं टाळता येत नसेल, तर निदान 'ही रक्कम कर्जाऊ घेतली असून मिळकत तारण म्हणून दिली आहे' हे वाक्य त्याच कागदात आणा. ते वाक्य घालायला समोरचा तयार नसेल, तर त्याला जमीनच हवी आहे. मग व्यवहार करू नका.

खऱ्या गहाणात मात्र 'मुदतीत पैसे न दिल्यास कायम खरेदी समजावी' असं लिहिलेलं असलं तरी घाबरून जमीन सोडू नका. कलम ६० प्रमाणे गहाण सोडवण्याचा हक्क कर्जदाराला असतो आणि तो हिरावणारी अट टिकत नाही. इंग्लंडमधल्या चॅन्सरी कोर्टानं सतराव्या शतकात हे तत्त्व घट्ट केलं: एकदा गहाण ते कायम गहाण. कोकच्या पुस्तकातली 'मेलेली' जमीन या कोर्टानं कर्जदाराला जिवंत करून दिली. तेच तत्त्व आपल्या कायद्यात आलं आहे.

सहीआधीची तपासणी

उतारा. कर्नाटकात त्याला आरटीसी किंवा पहाणी म्हणतात, पण आपल्या भागातले कन्नड लोकही 'उतार'च म्हणतात. 'भूमी' या कर्नाटक सरकारच्या जमीन-नोंद प्रणालीतल्या संगणकीकृत उताऱ्यात रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, क्षेत्र आणि खाते नंबर, रकाना १० मध्ये ती जमीन त्याच्याकडे कशी आली ते आणि फेरफाराचा एमआर नंबर, रकाना ११ मध्ये इतर हक्क आणि ऋणं. सगळं लक्ष ११ वर. बँकेचं नाव, पीकेपीएसचं नाव, रक्कम, कोर्टाची मनाई, सगळं तिथे येतं. एकच उतारा पाहून थांबू नका. मागच्या काही वर्षांचे उतारे आणि रकाना १० मधल्या एमआर नंबरची नक्कल काढा. जुन्या हस्तलिखित उताऱ्यांत आकडे कन्नड लिपीत असतात. दहाच चिन्हं आहेत, ती ओळखायला शिका. सर्वे नंबर दुसऱ्याकडून वाचून घेणं धोक्याचं आहे.

बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे त्याआधीचे बरेच दस्त मराठीत, आणि त्यातले काही मोडीत आहेत. घरातल्या जुन्या गहाणखताचा विषय निघाला तर मोडी वाचणाऱ्याकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या, नुसता सारांश नको. 'दरोबस्त', 'कब्जा', 'खंड', 'नफा' यातल्या एकेका शब्दावर प्रकार बदलतो.

ऋणभार प्रमाणपत्र, म्हणजे ईसी. हे उपनोंदणी कचेरीतून किंवा नोंदणी खात्याच्या 'कावेरी' पोर्टलवरून मिळतं. व्यवहार असतील तर फॉर्म १५, काहीच नसेल तर फॉर्म १६. संगणकावर साधारण २००४ नंतरच्या नोंदी मिळतात, त्याआधीच्यासाठी कचेरीत हाती शोध घ्यावा लागतो. निदान ३० वर्षांचा मागा. यातली अडचण अशी की ईसीत फक्त नोंदवलेले दस्त दिसतात. पीककर्जाचा बोजा ईसीत नसेल पण उताऱ्यावर असेल. बँकेत नुसते कागद ठेवून काढलेलं कर्ज दोन्हीकडे नसण्याचीही शक्यता असते. म्हणून मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहायचं, झेरॉक्सवर भागवायचं नाही. मूळ कागद 'सापडत नाहीत' म्हटलं की थांबा. बँका आपली गहाणं सरसाई या केंद्रीय नोंदवहीत चढवतात. तिथे थोडी फी भरून कोणालाही मिळकतीचा शोध घेता येतो.

काही जमिनी गहाण टाकताच येत नाहीत, किंवा सहज येत नाहीत. कूळ म्हणून मिळालेल्या, फॉर्म १० (कुळाला हक्क मिळाल्याचा दाखला) असलेल्या जमिनीवर पंधरा वर्षं हस्तांतराचं बंधन असतं. त्या काळात बँक, सहकारी संस्था, सरकार अशांकडेच ती तारण ठेवता येते, खाजगी सावकाराकडे नाही. अनुसूचित जाती-जमातींना सरकारकडून मिळालेल्या जमिनींना १९७८ चा पीटीसीएल कायदा (अशा जमिनींच्या हस्तांतरबंदीचा कायदा) लागतो. त्यात 'हस्तांतर' या शब्दात ताब्यासह आणि ताब्याविना, दोन्ही गहाणं येतात. सरकारची परवानगी नसेल तर असं गहाण रद्दबातल ठरतं आणि पैसे देणाऱ्याचे हात रिकामे राहतात.

नोंदणीचा दिवस

शंभर रुपये किंवा त्याहून जास्त कर्जाचं गहाण नोंदवावंच लागतं (कागद ठेवून केलेलं गहाण याला अपवाद). कर्जदाराची सही आणि निदान दोन साक्षीदार हवेत. साक्षीदार म्हणजे ज्यांनी सही होताना पाहिली किंवा ज्यांच्यापुढे कर्जदारानं ती कबूल केली असे लोक. संध्याकाळी घरी जाऊन कोणाचीही सही घेतली तर पुढे कोर्टात गहाण सिद्ध करताना तेच आड येतं. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करायचा असतो. ताबा दिला की मुद्रांक शुल्क खरेदीसारखं, म्हणजे बरंच जास्त लागतं. ते वाचवायला ताबा देऊनही 'ताबा दिला नाही' असं लिहिण्याचा मोह होतो. तसं करू नका. हिशेब मागण्याचा कर्जदाराचा हक्क त्या एका वाक्यानं लंगडा होतो.

उपनोंदणी अधिकारी सही कोणाची ते तपासतात, अटी न्याय्य आहेत का ते पाहणं त्यांचं काम नाही. कागद कन्नडमध्ये असेल तर सहीच्या आदल्या दिवशी मसुदा हातात मागा आणि आपल्या माणसाकडून शब्दशः मराठीत लिहून घ्या. हे शब्द ओळखता आले पाहिजेत: 'अडमान' म्हणजे गहाण, 'भोग्य' म्हणजे ताब्याचं गहाण, 'क्रय' म्हणजे खरेदी, 'साल' म्हणजे कर्ज, 'बड्डी' म्हणजे व्याज, 'असलु' म्हणजे मुद्दल, 'अवधी' म्हणजे मुदत, 'स्वाधीन' म्हणजे ताबा. शीर्षकात 'क्रय पत्र' आलं तर तो गहाणाचा कागद आहे हे कोणी कितीही सांगो, पेन खाली ठेवा.

रक्कम बँकेतून घ्या. रोखीनं थोडी आणि कागदावर जास्त, असं करू नका. फेडीच्या दिवशी कागदावरचाच आकडा धरला जातो.

सोडवणूक

पैसे फिटले की चार गोष्टी परत मिळवायच्या: मूळ कागद, ताबा, नोंदवलेला गहाणमुक्तीचा दस्त आणि उताऱ्यावरची कोरी जागा. पहिल्या तीन मागण्याचा हक्क कलम ६० देतं. दस्ताचा खर्च कर्जदाराचा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे: पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ही मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

सावकार पैसे घ्यायला टाळाटाळ करत असेल, कारण त्याला जमीनच ठेवायची असते, तर कलम ८३ वापरा. देय रक्कम दिवाणी कोर्टात भरायची, कोर्ट त्याला नोटीस काढतं. रक्कम पूर्ण असेल आणि रीतसर भरली असेल तर पुढचं व्याज थांबतं.

वारसांचा प्रश्न आपल्याकडे फार येतो. बापानं गहाण टाकलेली जमीन चार भावांत आली, एकालाच सोडवायची आहे. तो सोडवू शकतो, पण सगळी. आपल्या हिस्स्यापुरते पैसे देऊन एक चतुर्थांश जमीन मागता येत नाही. सगळी रक्कम भरल्यावर बाकीच्या भावांकडून त्यांचा वाटा वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. भरणा त्याच्याच खात्यातून झाल्याचा पुरावा मात्र हवा.

मुदतीचं गणित असं. गहाण सोडवण्याच्या दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यानं ३० वर्षं दिली आहेत. आधीच्या कायद्यात ती ६० होती. पण ताबेगहाणाला ही ३० वर्षं गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. उत्पन्नातून किंवा उरलेली रक्कम भरून कर्ज फिटलं की मग मुदत सुरू होते. नुसती ३० वर्षं लोटली म्हणून सावकार मालक होत नाही. फळ खाल्लेला आधि बुडत नाही, ही याज्ञवल्क्याची ओळ तीच. आजोबांच्या पेटीत भोग्याचा जुना कागद निघाला, तर 'आता काय उपयोग' म्हणून टाकून देऊ नका, दिवाणी वकिलाला दाखवा. मात्र मुदत खरेदी आणि नजरगहाणाला ही सवलत नाही. तिथे दिवस मोजावे लागतात.

शेवटी उतारा. कर्ज फेडल्यावर बोजा आपोआप उतरतोच असं नाही. बँकेचा किंवा पीकेपीएसचा बेबाकी दाखला (कर्ज पूर्ण फिटल्याचा) घेऊन तलाठ्याकडे किंवा नाड कचेरीत (होबळी पातळीवरच्या महसूल कचेरीत) अर्ज द्या, पोचपावती ठेवा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून रकाना ११ स्वतः वाचा. एका कर्जासाठी दोन-तीन सर्वे नंबर दिलेले असतील तर प्रत्येकाचा वेगळा उतारा काढा. बोजा एका नंबरवरून उतरतो आणि दुसऱ्यावर तसाच राहतो, हे फार वेळा घडतं. कारण बेबाकी दाखल्यावर सगळे नंबर लिहिलेले नसतात. दाखला हातात पडताच तिथल्या तिथे नंबर मोजा. बँकेचं कर्ज असेल तर सरसाईतली नोंदही बंद झाली का ते महिनाभरानं शोध घेऊन पाहा.